देणगी आज द्यावी की थांबावे? पुण्यातील देणगीदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या काही लहान विश्वस्त संस्थांचे हिशेब पाहण्याच्या निमित्ताने देणगीदारांशी माझा सतत संबंध येतो. कोणाला द्यावे यावर मंडळी पुष्कळ विचार करून आलेली असतात, चौकशी करतात, ताळेबंद मागतात. केव्हा द्यावे हे मात्र मार्चअखेर, वडिलांचे वर्षश्राद्ध किंवा मुदत ठेव संपण्याची तारीख यांपैकी जे आधी येईल त्यावर सोडून देतात. देण्याच्या वेळेविषयी अर्थशास्त्रज्ञांनी आणि स्वतः देणगीदारांनी दोन्ही बाजूंनी बरेच युक्तिवाद केले आहेत. नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या आधाराने ते येथे तपासले आहेत. जेथे माझे स्वतःचे मत आले आहे तेथे ते मत म्हणूनच वाचावे.

देणगी द्यायची हे ठरलेले आहे. मग ती यंदा दिली काय किंवा वीस वर्षांनी दिली काय, फरक कोठे पडतो?

तुमच्याकडे राहिलेला पैसा एका वेगाने वाढत असतो, आणि एका रुपयात होऊ शकणारे चांगले काम दुसऱ्या एका वेगाने कमी किंवा जास्त होत असते. पैसा अधिक वेगाने वाढत असेल तर थांबणे हिताचे, आणि काम महाग किंवा दुर्मीळ होत चालले असेल तर आजच देणे हिताचे, एवढाच या वादाचा गाभा आहे. वाद लांबतो तो दुसरा वेग नीट मोजता येत नाही म्हणून. बँकेचा व्याजदर फलकावर लिहिलेला असतो. एका रुपयात किती भले होते याचा फलक कोठेच लागत नाही, आणि त्यामुळे प्रत्येक जण आपल्या स्वभावाला साजेसा आकडा मनाशी धरून बोलू लागतो.

पैसे आधी वाढवले तर नंतर जास्त देता येतील, हे खरे नाही का?

खरे आहे, पण वाटते तितके नाही. एक लाख रुपये 7 टक्के चक्रवाढ दराने 20 वर्षे ठेवले तर त्यांचे सुमारे 3 लाख 87 हजार होतात, आणि हा आकडा ऐकून बहुतेकांना थांबावेसे वाटते. महागाई 5 टक्के धरली तर आज एक लाखात होणाऱ्या कामाला तेव्हा सुमारे 2 लाख 65 हजार लागतील. म्हणजे खरी वाढ दीडपटीच्याही आतली. शिवाय शाळेची फी आणि दवाखान्याचे बिल सर्वसाधारण महागाईपेक्षा वेगाने वाढते हा घरोघरचा अनुभव आहे, आणि बहुतेक देणग्या तर याच दोन कामांसाठी असतात. शेअर बाजारातला परतावा धरला तर चित्र अधिक चांगले दिसते, परंतु मग त्यातली जोखीमही हिशेबात धरावी लागते.

याच्या दुसऱ्या बाजूला एक गोष्ट हमखास विसरली जाते. दिलेला पैसाही वाढत असतो, फक्त तो तुमच्या पासबुकात दिसत नाही. केनियात 1998 पासून शाळकरी मुलांना जंतनाशक गोळ्या देण्याचा एक प्रयोग झाला. त्या मुलांचा पाठपुरावा मायकेल क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 20 वर्षे केला, आणि त्या खर्चावर समाजाला मिळालेला परतावा त्यांनी वार्षिक 37 टक्के काढला. (क्रेमर यांना 2019 साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांच्याबरोबर अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.) या आकड्यावर संशोधकांत मतभेद आहेत, तरीही तो निम्मा धरला तर कोणतीही मुदत ठेव त्याच्या जवळपास पोहोचत नाही. अर्थात हे सगळ्याच देणग्यांना लागू होत नाही. परिचारिकेचे प्रशिक्षण अर्ध्यावर सोडण्याची वेळ आलेल्या मुलीची फी भरली तर ती रक्कम तिच्या पगाराच्या रूपाने पुढची तीस वर्षे फळत राहते. सभागृहाच्या वातानुकूलनाला दिलेल्या देणगीतून असे काही वाढत नाही.

'आजच द्या' म्हणणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा कोणता?

साधारणपणे सांगितला जातो तो मुद्दा असा, की स्वस्तात मोठे भले करणारी कामे आधी संपतात. देवीचा रोग 1980 साली जगातून गेल्याचे जाहीर झाले. त्यानंतर देवीच्या लसीकरणासाठी देणगी देण्याची संधीच उरली नाही. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. ज्यांनी 1995 साली 'पुढे बघू' म्हटले त्यांच्यासाठी ते काम थांबून राहिले नाही. जग जसजसे सुधारते तसतसा एका रुपयाचा प्रभाव घटत जातो, असे हा युक्तिवाद सांगतो.

मला मात्र दुसरा, कमी विद्वत्तेचा मुद्दा अधिक वजनदार वाटतो: थांबणारे बहुतेक लोक शेवटी देत नाहीत. त्यात लबाडी नसते. चाळिशीत 'साठीनंतर निवांत देऊ' म्हणणाऱ्या गृहस्थांच्या मनात खरोखरच तसे असते. मधल्या काळात मुलीचे परदेशातले शिक्षण येते, जुन्या वाड्याच्या पुनर्विकासात थोडी भर घालून मोठी सदनिका घ्यावीशी वाटते, एखादे दुखणे निघते, आणि साठीला पोहोचलेल्या माणसाला म्हातारपणाची भीती चाळिशीतल्या माणसापेक्षा जास्त असते. त्यातच पैसा जिथे ठेवला ती जागाही कायमची नसते. पुण्याच्या रुपी बँकेवर 2013 साली निर्बंध आले आणि 2022 साली तिचा परवाना रद्द झाला, हे येथे कोणाला नव्याने सांगायला नको. बँक बुडाली तर ठेव विम्याचे संरक्षण आज प्रत्येक ठेवीदाराला 5 लाखांपर्यंतच आहे. त्यामुळे कागदावर 7 टक्के दिसणाऱ्या परताव्यातून 'देणगी प्रत्यक्षात न होण्याची शक्यता' वजा करायला हवी, आणि ती वर्षाला दोन टक्के जरी धरली तरी महागाई वजा केल्यावर उरलेला फायदा तेवढ्यातच संपतो.

आणि थांबणाऱ्यांचा?

ज्ञान वाढते, हा. काय उपयोगी पडते आणि काय पडत नाही हे आज जितके कळते त्यापेक्षा दहा वर्षांनी अधिक कळेल, आणि चुकीच्या ठिकाणी आज दिलेला लाख योग्य ठिकाणी उद्या दिलेल्या दहा हजारांहून निरुपयोगी ठरू शकतो. हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो, आणि तो तपासायला पुण्याच्या अंगणातलेच उदाहरण आहे.

हिवतापावर अनेक दशके लसच नव्हती. देणगीदाराला औषधभारित मच्छरदाण्या, फवारणी आणि औषधे एवढेच पर्याय होते. ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-21 लसीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये केली. पैसे राखून ठेवलेल्या देणगीदाराला त्या दिवशी असा एक पर्याय मिळाला, जो आदल्या दशकात पैसे संपवणाऱ्याला उपलब्धच नव्हता. येथपर्यंत थांबणाऱ्यांची बाजू बरोबर ठरते.

आता दुसरी लस पाहा. आफ्रिकेच्या मध्य पट्ट्यात मेंदूज्वराच्या 'अ' प्रकाराच्या साथी पुन्हा पुन्हा येत असत. त्यावर परवडणारी लस तयार करण्यासाठी गेट्स फाउंडेशनने 2001 साली 7 कोटी डॉलरचे अनुदान दिले. लस पुण्यातच, सीरममध्ये बनली, तिची किंमत एका मात्रेला अर्ध्या डॉलरच्या आत ठेवण्यात आली, आणि डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत तिचे मोठे लसीकरण सुरू झाले. पुढे 30 कोटींहून अधिक लोकांना ती टोचली गेली आणि तो प्रकार त्या पट्ट्यातून जवळपास नाहीसा झाला. हे ज्ञान आपोआप वाढलेले नाही. कोणीतरी नऊ-दहा वर्षे आधी, लस निघेल की नाही हे माहीत नसताना, पैसे दिले म्हणून ते वाढले. सगळेच देणगीदार ज्ञानाची वाट पाहत बसले असते तर वाट पाहण्याजोगे काही आलेच नसते.

म्हणून 'शिकण्यासाठी थांबतो' असे कोणी म्हटले की मी विचारतो, शिकणार कसे? संशोधनाला किंवा एखाद्या लहान प्रयोगाला काही रक्कम देऊन, संस्थेत वर्षातून दोनदा जाऊन, अहवाल वाचून शिकणार असाल तर थांबण्याला अर्थ आहे. नुसते वय वाढल्याने देणगीविषयीचे शहाणपण वाढते, असा माझा अनुभव नाही.

पुढच्या पिढ्यांचे भले आजच्या माणसांच्या भल्याइतकेच मोलाचे धरायचे का?

केंब्रिजचे फ्रँक रॅम्झी यांनी 1928 सालीच असे मांडले होते, की एखादे सुख केवळ नंतर येणार आहे एवढ्या कारणाने त्याचे मोल कमी धरणे नीतीच्या दृष्टीने समर्थनीय नाही. हे तत्त्व मान्य केले तरी त्यातून 'म्हणून थांबा' असा निष्कर्ष निघत नाही. आज वाचलेले मूल हेच पुढच्या पिढीचे पालक असते, आणि पुढची पिढी आपल्याहून श्रीमंत असण्याची शक्यता मोठी आहे. आजच्या गरिबाने उद्याच्या सुखवस्तू माणसासाठी थांबावे, असे म्हणायला फार सबळ कारण लागेल.

दर वर्षी 'आणखी एक वर्ष थांबलेले बरे' असेच गणित येत असेल, तर मग देणगी कधी द्यायचीच नाही का?

हा प्रश्न थट्टेने विचारला जातो, पण त्याचे उत्तर एका माणसाने दोनशे वर्षांचा प्रयोग करून ठेवले आहे. बेंजामिन फ्रँकलिन 1790 साली वारले. त्यांनी मृत्युपत्रात बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी 1,000 पौंड ठेवले आणि अट घातली, की ही रक्कम उमेदवारी पूर्ण केलेल्या तरुण, विवाहित कारागिरांना 5 टक्के व्याजाने कर्जाऊ द्यावी, आलेले व्याज मुद्दलात मिळवावे, शंभर वर्षांनी मोठा भाग सार्वजनिक कामांवर खर्च करावा आणि उरलेला आणखी शंभर वर्षे वाढू द्यावा. पहिल्या शंभर वर्षांनी प्रत्येक शहरात 1,31,000 पौंड होतील आणि दोनशे वर्षांनी 40 लाख पौंडांच्या वर जातील, असा त्यांचा हिशेब होता.

निधी खरोखर दोनशे वर्षे टिकला, आणि 1990 च्या सुमारास बोस्टनमध्ये सुमारे 50 लाख डॉलर, तर फिलाडेल्फियात सुमारे 20 लाख डॉलर शिल्लक होते. थांबण्याच्या बाजूचे लोक हे उदाहरण अभिमानाने देतात. मला त्यातल्या दोन गोष्टी जास्त बोलक्या वाटतात. एक म्हणजे सारख्याच रकमेतून आणि सारख्याच अटींवर निघालेले दोन निधी व्यवस्थापनाच्या फरकाने एवढे वेगळे झाले. चक्रवाढीचे सूत्र दोघांना एकच होते, विश्वस्त वेगळे होते. दुसरी गोष्ट अशी, की कारखानदारी आल्यावर उमेदवारीची पद्धतच मोडली आणि ज्या तरुण कारागिरांसाठी पैसा ठेवला होता ते मिळेनासे झाले. पैसा टिकला, काम निघून गेले. दोनशे वर्षांनंतरच्या विश्वस्तांना फ्रँकलिन यांची इच्छा काय असती, याचा अंदाज करावा लागला.

जगातले मोठे देणगीदार मग काय करतात?

अलीकडे त्यांचा कल मुदत ठरवून निधी संपवण्याकडे आहे. अमेरिकेतील सिअर्स कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी आपला निधी आपल्या मृत्यूनंतर 25 वर्षांत संपलाच पाहिजे अशी अट घातली होती. ते 1932 साली गेले आणि निधी 1948 सालीच, म्हणजे मुदतीच्या बराच आधी, बंद झाला. तोपर्यंत दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सुमारे 5,000 शाळा उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांत स्थानिक लोकांनीही वर्गणी घातली होती. चक फीनी यांनी सुमारे 8 अब्ज डॉलर हयातीतच वाटून 2020 साली आपली संस्था बंद केली. गेट्स फाउंडेशननेही 2045 अखेर सगळा पैसा खर्च करून थांबणार असल्याचे 2025 साली जाहीर केले. याच्या उलट, पैसा मुद्दाम पुढच्या शतकासाठी राखून ठेवणारे निधीही आहेत, पण ते मोजके आहेत.

एवढ्या मोठ्या रकमांचे तर्क पुण्यातल्या पेन्शनधारकाला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. अब्जावधी डॉलर एका वर्षात चांगल्या कामावर खर्च करणे खरोखर अवघड असते, कारण तेवढे काम करणारी माणसेच नसतात. पन्नास हजार रुपयांना ही अडचण येत नाही.

पण पुण्यातल्या शंभर वर्षे जुन्या संस्था ठेवींवरच उभ्या राहिल्या. त्या देणग्या चुकीच्या होत्या असे म्हणायचे का?

मुळीच नाही, आणि 'आजच द्या आणि आजच खर्च करा' म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाला टाळू नये. महर्षी कर्वे यांनी 1916 साली महिला विद्यापीठ सुरू केले तेव्हा ते लहान वर्गण्यांवर चालत होते. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आईच्या स्मरणार्थ 15 लाख रुपयांची देणगी दिली आणि विद्यापीठाला स्थैर्य आले, नावही तेच मिळाले. गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 साली रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या निधीतून उभी राहिली. संशोधन, ग्रंथालय, हस्तलिखितांचे जतन ही कामे दर वर्षी नव्याने झोळी फिरवून होत नाहीत. भांडारकर संस्थेत पिढ्यान्‌पिढ्या चाललेले संपादनाचे काम 'यंदा देणग्या कमी आल्या' म्हणून मध्येच सोडता आले नसते.

येथे एक फरक लक्षात घेतला पाहिजे. देणगीदाराने थांबणे वेगळे आणि संस्थेने ठेव राखणे वेगळे. ठाकरसींनी पैसे आपल्याकडे ठेवले नाहीत. ते दिले, आणि त्यातून निर्णय घेण्याचा अधिकार काम करणाऱ्यांच्या हाती गेला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाची गोष्टही अशीच आहे. लोकांकडून एक-एक पैसा जमवून तो फंड काही काळ साठवला गेला, पण साठवण्याचा हेतू ठरलेला होता, आणि 1908 साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना उभा राहिला. ज्या ठेवीला काम ठरलेले आहे ती ठेव रास्त आहे. ज्या ठेवीला नुसते नाव आहे तिच्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

आई-वडिलांच्या नावाने कायम निधी ठेवून व्याजातून दर वर्षी पारितोषिक द्यावे, असे मनात आहे. योग्य होईल का?

पुण्यात हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. एका शाळेच्या पारितोषिकांच्या नोंदवहीत 1978 सालची एक नोंद मी पाहिली आहे: 5,000 रुपयांची ठेव, व्याजातून दहावीत संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस. त्या काळी त्या व्याजात वर्षभराची पुस्तके, वह्या आणि गणवेश निघत असे. आज 7 टक्के दराने त्याचे 350 रुपये येतात. प्रमाणपत्र छापून त्याला चौकट करायचा खर्च त्याहून जास्त आहे, आणि तो शाळा आपल्या खिशातून करते. त्याच वहीत अशी साठ-सत्तर नावे आहेत. स्नेहसंमेलनात ती सगळी वाचून दाखवायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात एखादी एकांकिका होईल. ठेव मोडता येत नाही, कारण देणगीदाराने मुद्दलाला हात लावू नये असे लिहून दिले आहे; उद्देश बदलायचा तर धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आणि न्यायालय यांची वाट धरावी लागते, आणि 5,000 रुपयांसाठी ती कोणी धरत नाही.

व्याज पूर्ण खर्च केले तर मुद्दल महागाईने झिजते, हे 1978 साली देणाऱ्याला कोणी सांगितले नाही. आज निधी ठेवणाऱ्याने ते सांगून घ्यावे. माझा सल्ला असा असतो: एकतर व्याजातला काही भाग दर वर्षी मुद्दलात मिळवण्याची अट घाला, किंवा मुदत घाला. 'ही रक्कम व्याजासह 15 वर्षांत विद्यार्थिनींच्या शिक्षणावर संपवावी' एवढे वाक्य देणगीपत्रात असले तर पाच लाखांतून अनेक मुलींची खरी फी भरली जाते, आणि आईचे नाव त्या मुलींच्या तोंडी राहते. 'काळानुरूप उद्देशात बदल करण्याचा अधिकार विश्वस्तांना राहील' हे दुसरे वाक्यही जरूर घालावे.

संस्थेकडे लाखोंच्या ठेवी असताना ती पुन्हा देणगी मागते. अशा वेळी आपण थांबावे का?

ताळेबंद मागा आणि ठेवींचे दोन भाग करून पाहा. आयकर कायद्याप्रमाणे धर्मादाय संस्थेने वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान 85 टक्के रक्कम उद्दिष्टांवर लावायची असते. 15 टक्के ती राखू शकते, आणि त्याहून अधिक रक्कम ठेवायची असेल तर कारण नमूद करून जास्तीत जास्त 5 वर्षांसाठी ठेवता येते. देणगीदाराने स्पष्टपणे कायम निधी म्हणून दिलेली रक्कम या हिशेबाबाहेर असते. म्हणून मोठी ठेव दिसली की ती संस्थेने साठवलेली आहे की देणगीदारांनी बांधून ठेवलेली आहे, हे विचारावे. दुसऱ्या प्रकारची ठेव असेल तर संस्था कागदावर श्रीमंत असूनही जुलैत स्वयंपाक्याचा पगार द्यायला तिच्याकडे पैसे नसतात. अशा संस्थेला थांबून शिक्षा करण्यापेक्षा बिनअटीची देणगी द्यावी. पहिल्या प्रकारची असेल आणि कारण विचारल्यावर समाधानकारक उत्तर मिळत नसेल, तर खुशाल दुसरीकडे द्यावे.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीलाही थांबता येते का?

फारसे नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो. चालू प्रकल्पासाठी राहिलेली रक्कम वेगळ्या खात्यात टाकून तीन आर्थिक वर्षांत संपवावी लागते, आणि प्रकल्पच नसेल तर ती सरकारने ठरवलेल्या निधीत जाते. कायद्यानेच येथे 'किती थांबावे' याचे उत्तर दिले आहे. व्यक्तींनी स्वतःला अशीच तीन वर्षांची मर्यादा घालून घेतली तर काही बिघडणार नाही.

करसवलतीसाठी मार्चमध्येच देणे सोयीचे नाही का?

तुमच्या सोयीचे असेल, संस्थेच्या नाही. विद्यार्थी वसतिगृहाचे उदाहरण घ्या. प्रवेश जून ते ऑगस्टमध्ये होतात, फी आणि अनामत तेव्हाच भरावी लागते, किराणा तेव्हाच भरायचा असतो. देणग्या मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम येतात. मधले महिने व्यवस्थापक किराणा दुकानदाराची उधारी सांभाळत असतो. तीच रक्कम जूनमध्ये दिली, किंवा बारा हप्त्यांत खात्यातून आपोआप जाऊ दिली, तर रुपया तोच राहून त्याचे काम वाढते. करसवलत आर्थिक वर्षात केव्हाही दिले तरी तेवढीच मिळते.

शिवाय सवलत मुळात आहे का, हेही पाहावे. नव्या करप्रणालीत, जी आता आपोआप लागू होते, ऐंशी-जीची वजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीत बहुतेक संस्थांच्या देणगीवर निम्म्या रकमेची वजावट मिळते आणि पात्र देणगीला एकूण उत्पन्नाच्या 10 टक्क्यांची मर्यादा असते. मर्यादेबाहेरची वजावट पुढच्या वर्षी नेता येत नाही. त्यामुळे सेवानिवृत्तीच्या वर्षी एकदम मोठी रक्कम द्यायची असेल तर मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत विभागून देणे फायद्याचे ठरू शकते. 2,000 रुपयांवरची रोख देणगी वजावटीला पात्र नसते. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, लोकांच्या तोंडी 'ऐंशी-जी' मात्र अजून तसेच आहे.

आणि अक्षय्य तृतीया, अधिक महिना, पितृपक्ष?

तिथीमुळे माणूस विसरत नाही, हा तिचा मोठा गुण आहे, आणि वर सांगितलेल्या 'राहून जाण्याच्या' जोखमीवर इतका जुना उपाय दुसरा नाही. तिथी पाळणाऱ्याने ती जरूर पाळावी.

आपत्ती आली की तत्काळ द्यावे, एवढे तरी निर्विवाद आहे ना?

पहिल्या आठवड्यातली तातडीची मदत आवश्यक असते, पण लोकांचा ओघही त्याच आठवड्यात असतो. आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव 30 जुलै 2014 रोजी दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. नवीन घरे उभी राहून गाव पुन्हा वसायला 2017 उजाडले. वर्तमानपत्रांतून बातमी गेल्यानंतरच्या या काळात मुलांची शाळा, जमिनीचा प्रश्न, उपजीविका असे सगळे लांबणारे काम असते, आणि तेव्हा देणारे थोडे असतात. थांबण्याच्या बाजूचा हा मला सर्वांत पटणारा प्रसंग आहे: आपत्तीच्या वेळी ठरवलेल्या रकमेपैकी अर्धी लगेच द्यावी आणि अर्धी सहा महिन्यांनी, तेथे टिकून काम करणाऱ्या संस्थेचे नाव कळल्यावर द्यावी. जुने कपडे पहिल्या आठवड्यातही पाठवू नयेत आणि सहाव्या महिन्यातही.

सगळे मृत्युपत्रात लिहून ठेवले तर?

म्हातारपणीच्या खर्चाची ज्यांना खरी चिंता आहे त्यांच्यासाठी हा रास्त मार्ग आहे, विशेषतः राहत्या घराच्या बाबतीत. करासाठी असे करण्याचे कारण नाही; मृत्यूनंतरच्या मालमत्तेवरचा कर भारतात 1985 साली रद्द झाला आहे. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांची सही लागते, आणि संस्थेचे नाव नोंदणी क्रमांकासह लिहावे लागते, कारण एकाच नावाच्या दोन संस्था पुण्यात सहज निघतात. मुलांना हयातीत सांगावे. न सांगितलेल्या देणगीचा वाद संस्थेच्या दारात येतो आणि लहान संस्था वकिलाचा खर्च नको म्हणून हक्क सोडून देते.

एक तोटा मात्र भरून निघत नाही: दिलेल्याचे काय झाले ते पाहून पुढच्या वेळी सुधारणा करण्याची संधी मृत्युपत्रात नसते.

आम्ही दोघे तिशीत आहोत, घराचे हप्ते चालू आहेत. आमच्यासाठी थांबणे बरे नाही का?

मोठी रक्कम थांबवा, सवय थांबवू नका. हप्ते, आरोग्य विमा आणि सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज आधी व्हावी, यात काही गैर नाही. स्वतःच अडचणीत आलेला देणगीदार पुढे कोणाच्या उपयोगी पडत नाही. तरीही उत्पन्नाचा एखादा टक्का आत्ताच सुरू करावा. त्याने दोन गोष्टी होतात: मन बदलण्याची शक्यता घटते, आणि वीस वर्षांनी मोठी रक्कम हाती येईल तेव्हा तीन-चार संस्था आतून माहीत असतात.

सगळा विचार करून थांबायचेच ठरवले, तर काय काळजी घ्यावी?

पैसा घरखर्चाच्या खात्यातून वेगळा काढून त्याच नावाने वेगळी ठेव करावी. एका कागदावर थांबण्याचे कारण लिहावे, आणि ते कारण तपासता येईल असे असावे: 'अमुक प्रयोगाचे निष्कर्ष येईपर्यंत', 'वसतिगृहाच्या जागेचा निर्णय होईपर्यंत'. 'योग्य वेळ येईपर्यंत' हे कारण धरू नये. त्याखाली शेवटची तारीख घालावी, आणि त्या तारखेपर्यंत कारण पूर्ण झाले नाही तर रक्कम कोणत्या संस्थेला जाईल तेही लिहावे. कागदाची एक प्रत जोडीदाराकडे आणि दुसरी त्या संस्थेकडे द्यावी. ज्यांना ही दुसरी प्रत द्यायला संकोच वाटतो, त्यांनी निम्मी रक्कम त्याच आठवड्यात देऊन टाकावी, असे मी सुचवतो.